तिच्या खुर्चीतला आवाज

माझ्या घरात एक सबवूफर आहे. दुसरा घ्यावा की नाही हे ठरवायला मला अकरा महिने लागले. लोक याहून कमी वेळात मुलीचं लग्न जमवतात, जागा घेतात, लागलेली नोकरी सोडतात. मी मात्र एक काळा खोका घरात आणायचा की नाही यावर अकरा महिने घुटमळत राहिलो आणि या काळात जो भेटेल त्याला पिडलं.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गाण्यात एक खालचा, जाड आवाज असतो. तबल्याच्या जोडीतला डग्गा घ्या. मनगट दाबून सरकवलं की तो पोटातून हुंकारतो. साध्या स्पीकरातून तो हुंकार अर्धामुर्धाच ऐकू येतो. तो पुरता यावा म्हणून जमिनीवर ठेवायचा एक वेगळा, जड खोका मिळतो, तो सबवूफर. आमच्याकडे तो नऊ वर्षांपूर्वी आला. आला त्या दिवशी मी बायकोला म्हणालो होतो, "आता खरं गाणं ऐकशील." हे वाक्य आठवलं की आता तोंड लपवावंसं वाटतं.

घर विरार पश्चिमेला आहे, आगाशीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, दुसऱ्या मजल्यावर. हॉल लांबट. एका टोकाला दोन स्पीकर, त्यांच्या मधे शोकेस, शोकेसच्या बाजूला सबवूफर. समोर, टेप लावून मोजून ठरवलेल्या जागी, माझी खुर्ची. तिथे बसलं की गाणारा माणूस बरोबर मधोमध, शोकेसच्या जरा वर बसून गातोय असं वाटतं. एक वीत इकडेतिकडे झालं तरी मजा जाते. म्हणून खुर्चीच्या चार पायांसाठी मी फरशीवर चार खुणा करून ठेवल्या होत्या. फरशी पुसताना खुर्ची सरकली तर मी पुसणारीवर खेकसायचो. पुसणारी म्हणजे बायकोच.

तिची खुर्ची वेताची, तिच्या माहेराहून, आगाशीहून आलेली. ती होती स्वयंपाकघराच्या दाराशी, कोपऱ्यात, दोन्ही भिंतींना लागून. तिथून तिला गॅसवरचं दूध दिसायचं आणि बेल वाजली तर पटकन उठता यायचं. ती जागा कुणी टेप लावून ठरवली नव्हती.

सबवूफर आल्यावर आठवडाभरातच ती म्हणाली, "मला इथे बसलं की छातीत धडधडतं."

"कसली धडधड? इतका उत्तम आवाज आहे."

"तुमच्याकडे असेल. इथे कसंतरीच होतं. आतून कुणी ढकलतंय असं वाटतं."

आता कुठल्याही शहाण्या माणसाने काय केलं असतं ते मला माहीत आहे. मी काय केलं ते सांगतो. मी तिला डॉक्टरकडे नेलं. रक्तदाब मोजला, कार्डिओग्राम काढला. सगळं व्यवस्थित निघालं. रिक्षातून परत येताना तो कागद माझ्या मांडीवर होता आणि मी चक्क खुशीत होतो. "बघ," मी म्हटलं, "काहीही नाहीये. मनाचे खेळ असतात हे." ती रिक्षातून बाहेर बघत होती. त्यानंतरच्या वर्षभरात तिने दोन-चारदा धडधडीचं नाव काढलं. दरवेळी मी त्या कार्डिओग्रामची आठवण करून दिली. मग तिने बोलणं सोडलं आणि मला वाटलं, झाली सवय.

सवय झालेली नव्हती. मी गाणं लावलं की ती निवडायची भाजी घेऊन आतल्या खोलीत जायला लागली. तिला गाण्यात गोडी राहिली नाही, असा अर्थ मी लावला. वाईट वाटलं, पण फार नाही. लग्नानंतर पहिली काही वर्षं आमच्याकडे एक छोटा टेपरेकॉर्डर होता. त्यात डग्गा जवळजवळ ऐकूच यायचा नाही. एका सतरंजीवर बसून आम्ही त्याच त्या दोन-तीन कॅसेटी ऐकायचो आणि एखादी जागा आवडली की ती माझ्या गुडघ्यावर थाप मारायची. तेव्हाची ती आणि आताची ही यांच्यात काय झालं, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मला पडला तो प्रश्न दुसराच होता, सबवूफरखाली रबराची चकती घालावी की दगडाची लादी.

दोन वर्षांपूर्वी मी निवृत्त झालो. तोवर गाणं रविवारी सकाळी आणि रोज संध्याकाळी तासभर असायचं. आता ते सकाळच्या चहापासून सुरू झालं. ती बिचारी दिवसभर आतल्या खोलीत राहणार तरी किती? चौदा महिन्यांपूर्वी आगाशीला तिच्या थोरल्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. बहीण विधवा, एकटी असते, मागे थोडी केळीची बाग आहे. बायको म्हणाली, "दीड महिना तरी जावं लागेल." मी म्हटलं, "जा की." बॅग भरताना तिने हिवाळ्याची शालही घेतली. तेव्हा दिवस उन्हाळ्याचे होते, पण असल्या गोष्टी मला नंतर सुचतात.

बहिणीचा गुडघा तीन महिन्यांत ठणठणीत झाला. आता ती बाजारात चालत जाते, देवळाच्या तळ्याला फेरी मारते, बागेत वाकून काम करते. बायको अजून तिथेच आहे.

भांडण झालेलं नाही. झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. दर गुरुवारी ती अकराच्या बसने येते. कधी राजेळी केळी आणते, कधी अळू. चादरी बदलते, दोन-तीन भाज्या करून डबे फ्रिजमधे लावते, माझ्या गोळ्या संपल्यात का बघते आणि साडेचारच्या बसने परत जाते. मी विचारतो, "बहीण कशी आहे?" ती म्हणते, "बरी आहे." पुढचं मी विचारत नाही आणि ती सांगत नाही. मुलगा नोकरीसाठी दूर असतो. तो आम्हा दोघांना वेगवेगळा फोन करतो आणि दोघांनाही काही विचारत नाही. आमच्या घराण्याची रीतच ती. पहिल्या मजल्यावरच्या काकू मात्र जिन्यात भेटल्या की न चुकता विचारतात, "वहिनींच्या बहिणीचा गुडघा काय म्हणतो?" मी म्हणतो, "हळूहळू." चौदा महिने मी त्या बाईचा गुडघा बरा होऊ दिलेला नाही.

ती गेल्यानंतर तिसऱ्या महिन्यात माझ्या फोनवर एक मजकूर आला. आमचा, म्हणजे असल्या खोक्यांना वाहून घेतलेल्या लोकांचा, एक ग्रुप आहे. तिथे कुणीतरी लिहिलं होतं की खालचा आवाज खोलीत सगळीकडे सारखा नसतो. तो भिंतींवर आपटून परत येतो. काही जागी साचतो, काही जागी नाहीसा होतो. कोपऱ्यात भिंतीला लागून बसणाऱ्याच्या छातीवर दाब येतो आणि मधे बसलेल्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. उपाय एकच, समोरच्या बाजूला दुसरा सबवूफर ठेवायचा, म्हणजे आवाज सगळ्या जागांवर वाटला जातो.

मी ते तीनदा वाचलं. छातीवर दाब. तिचीच तक्रार, परक्या माणसाच्या हातची. कार्डिओग्रामचा कागद अजून कपाटातल्या फाइलीत होता. मला स्वतःची लाज वाटली, पण खरं सांगायचं तर लाजेच्या आधी आनंद झाला. कारण सापडलं! ती का गेली याचं कारण सापडलं, आणि ते कारण दुकानात मिळणाऱ्या वस्तूने दूर होण्यासारखं होतं. मी सुटलो असं वाटलं.

मग त्याच दिवशी आणायचा होता. मी नाही आणला. ग्रुपवर विचारलं, "दुसरा सबवूफर घ्यावा का?" उत्तरांचा पाऊस पडला. कुणी हॉलची लांबी-रुंदी विचारली, कुणी पडदे जाड करा म्हणालं, कुणी आधीचाच विकून मोठा घ्या म्हणालं. मी सगळ्यांना उत्तरं देत बसलो. हॉल मोजला, नकाशा काढला, पडदे बदलले. एक संपलं की दुसरं काढायचो. कारण एकदा का दुसरा सबवूफर घरात आला, तिच्या कोपऱ्यातला आवाज सुधारला, आणि तरीही ती आली नाही, तर? मग माझ्या हातात काय उरणार होतं? जोवर तो आणला नव्हता तोवर ती आवाजामुळे गेली होती. झाकली मूठ उघडायची माझी छाती नव्हती.

आणि एक गोष्ट सांगायची राहिली. या अकरा महिन्यांत घरात मी एकटा होतो, वेताची खुर्ची रिकामी होती, माझ्या खुर्चीपासून फार तर सात पावलांवर. उठून तिथे बसून ऐकावं, हे मला एकदाही सुचलं नाही. की सुचलं आणि टाळलं, ते आता नक्की सांगता येत नाही.

शेवटी पाचूबंदरचा एक माणूस आला. लग्नं, चर्चचे सण, जत्रा सगळीकडे त्याचे स्पीकर लागतात. घरी पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी, भावांची होडी आहे, हा एकटाच आवाजाच्या नादी लागला. वयाने माझ्याएवढाच, अंगाने दुप्पट. ग्रुपवरच्या कुणीतरी त्याचा नंबर दिला होता. तो आला, माझा नकाशा, मोजमापं, सगळं त्याने न बघता बाजूला ठेवलं आणि विचारलं, "साहेब, इथं ऐकायला बसतं कोन कोन?"

इतक्या जणांनी इतकं विचारलं होतं, हे कुणीच विचारलं नव्हतं.

"का?" मी म्हटलं.

"एकटा मानूस एकाच जागी बसनार आसंल तर एक पुरतो. त्याच्यापुरता आवाज जुळवायचा, झालं. दुसरा कधी लागतो? दोन मानसं दोन जागी बसली तर. एकाला बरं लागतं ते दुसऱ्याला लागत नाय. तेव्हा."

"दोघं," मी म्हटलं. "मी आणि बायको."

"वैनी कुठं बसतात?"

मी खुर्ची दाखवली. त्याने ठळक डग्ग्याचं एक गाणं लावलं, तिथे जाऊन उभा राहिला आणि तोंड वाकडं केलं. "अरारा. या, बसा इथं."

मी बसलो. नऊ वर्षांत पहिल्यांदा. माझ्या खुर्चीत जो डग्गा मखमलीसारखा यायचा तो इथे कुणी जिन्यात भरलेला सिलिंडर आपटावा तसा येत होता. प्रत्येक ठोक्याला बरगड्यांच्या आत काहीतरी हलत होतं. पाठीला लागलेली भिंतही हलत होती. बाई गातेय की बुवा तेही नीट कळत नव्हतं. एक मिनिटसुद्धा मला तिथे काढवेना. ती किती वेळ बसली असेल? रविवारची सगळी सकाळ, चहाचा कप मांडीवर धरून, मी मधेमधे वळून "काय जागा घेतली बघ!" म्हणत असताना. त्या वेळी ती मान हलवायची. मला रडू आलं असतं, पण परका माणूस समोर होता.

"कसं हाय बघा," तो म्हणाला, "बंदरात भिंतीवर लाट आपटते आनि परत येते. मागनं दुसरी येतेच. दोघी भेटल्या की एका जागी होडी नुसती नाचते, आनि चार हात सोडून दुसरी होडी गप उभी. पानी तेच. तुमची होडी गप उभी हाय साहेब. वैनींची नाचतेय."

मी खुर्चीतून उठलो.

"आता खर्च करायचाच आसंल तर दुसरा ठेवू," तो पुढे म्हणाला, "पन एक सांगू? वैनींना तुमच्या खुर्चीत बसवा ना. तुम्ही इथं बसा. फुकटात काम होतंय."

तो हसला. त्याच्या दृष्टीने तो विनोदच होता. मी चहा टाकतो म्हणून स्वयंपाकघरात गेलो आणि गॅस न पेटवता ओट्याला धरून उभा राहिलो. हॉल मोजला होता, पडदे बदलले होते, तीन परदेशी कंपन्यांची माहितीपत्रकं तोंडपाठ केली होती. खुर्ची दे, एवढी साधी गोष्ट मला पाचूबंदरच्या माणसाने सांगावी लागली. आणि ते ऐकल्यावरही मनात पहिल्यांदा काय आलं? की मग मला कोपऱ्यात बसावं लागेल.

चहा घेऊन आलो आणि म्हटलं, "दुसरा आणाच."

"आठ दिवस ठेवतो. ऐका, पटला तर ठेवा. नायतर मी घेऊन जाईन."

दुसऱ्या दिवशी तो खोका घेऊन आला. त्याची जागा शोधायची एक रीत असते. ज्याच्यासाठी आवाज सुधारायचा त्याच्या खुर्चीतच सबवूफर ठेवायचा, आणि आपण जमिनीवर रांगत भिंतीकडेने फिरायचं. जिथे डग्गा स्वच्छ ऐकू येईल तिथे खूण करायची, आणि मग सबवूफर तिथे नेऊन ठेवायचा. त्या माणसाला पोटामुळे रांगता येत नव्हतं, म्हणून रांगलो मी. वेताच्या खुर्चीत तो काळा खोका बसवलेला, आणि त्याच्यापुढे साठीचा मी, गुडघे टेकून, कान जमिनीजवळ धरून, सोफ्यामागून, कुंड्यांच्या मधून, चपलांच्या रॅकपाशी. इतक्यात दार वाजलं. त्याने उघडलं. खालच्या काकू आवाजाची तक्रार घेऊन आल्या होत्या. मला त्या अवस्थेत पाहून त्या तक्रार विसरल्या. मग त्यांनी सवयीने विचारलं, "वहिनींच्या बहिणीचा गुडघा?"

"हळूहळू," मी चपलांच्या रॅकजवळून म्हणालो.

जागा सापडली ती बाल्कनीच्या दाराशी. दोन्ही सबवूफर जुळवायला संध्याकाळ झाली. त्याने मला पुन्हा वेताच्या खुर्चीत बसवलं. धडधड गेली होती. भिंत शांत होती. डग्गा मऊ, गोल, जिथल्या तिथे. मग मी माझ्या खुर्चीत जाऊन बसलो आणि मला जाणवलं की इथला आवाज पूर्वीसारखा राहिलेला नाही. वाईट नव्हता, पण तो पोटातला हुंकार जरा उतरला होता. मी तसं म्हणालो.

"थोडं तुमचं जानारच," तो वायर गुंडाळत म्हणाला. "त्याशिवाय वैनींना कसं मिळंल?"

खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं. त्याही वेळी वाटलं. पण आतल्या आत एक वेडी आशाही होती, की आपण काहीतरी सोडलंय तर त्याची कुठेतरी नोंद होत असेल.

गुरुवारी ती अकराच्या बसने आली. केळी ओट्यावर ठेवली, हात धुतले, हॉलमधे आली आणि बाल्कनीच्या दाराशी थांबली. "हे आणखी एक?"

"तुझ्यासाठी आणलाय."

"माझ्यासाठी?"

"तू बस. एकदा बस तुझ्या खुर्चीत. काही बोलू नकोस, नुसतं ऐक."

तिने आधी भाजी टाकली, कुकर लावला, शिट्ट्या होऊ दिल्या. जेवणं झाली. मग साडेतीनच्या सुमाराला ती वेताच्या खुर्चीत येऊन बसली, पर्स मांडीवर घेऊन, दवाखान्यात नंबराची वाट बघत बसावं तशी. टेपरेकॉर्डरच्या काळातली, सतरंजीवर बसून ऐकलेली बंदिश मी शोधून ठेवली होती. ती लावली आणि माझ्या खुर्चीत न बसता बाजूला उभा राहिलो. मला गाणं ऐकू येत नव्हतं. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. सुरुवातीला तिचे खांदे वर होते, डग्ग्याच्या पहिल्या ठोक्यासाठी अंग आवरून धरलेलं. ठोका आला. दुसरा आला. हळूहळू तिचे खांदे खाली आले. पुढे एका जागेला तिची बोटं पर्सवर हलली. एवढंच, पण मी पाहिलं.

संपल्यावर ती म्हणाली, "नाही धडधडत."

"खरंच?"

"खरंच. छान आहे."

मला इतका आनंद झाला की मी तिच्यासमोर खाली फरशीवरच बसलो. म्हटलं, "मी बसून बघितलं त्या खुर्चीत. आधीचा आवाज ऐकला. तू म्हणत होतीस ते सगळं खरं होतं. मी तुला डॉक्टरकडे नेलं. चुकलो मी."

"हो," ती म्हणाली.

"अकरा महिने मी याचाच विचार करत होतो. आता झालं ना नीट? आता येशील ना?"

ती बराच वेळ खुर्चीच्या हातावरून बोट फिरवत राहिली. एका ठिकाणी वेत सुटला होता, तो तिने आत सारला. "अकरा महिने," ती म्हणाली. "मी सांगत होते तेव्हा एकदा उठून इथे येऊन बसला असतात, तर पुरलं असतं." तिच्या आवाजात राग नव्हता. आमटीत मीठ कमी आहे हेही ती याच आवाजात सांगते.

"आता बसलो की."

"बसलात," ती म्हणाली. "चांगलं केलंत. पण मला आता तिकडे बरं वाटतं. तिथे मी काही म्हटलं की ताई ऐकते." मग घड्याळाकडे बघून म्हणाली, "भेंडी आज संपवा, उद्यावर नका ठेवू." आणि उठली.

मी बाल्कनीत गेलो. थांबा आमच्या इमारतीच्या समोरच आहे. बस जरा उशिराने आली. चढण्याआधी ती नेहमी एकदा वर बघते आणि हात करते. त्या दिवशीही तिने वर बघून हात केला. काही वेगळं घडलंय असं तिला वाटलेलंच नव्हतं. जे घडायचं होतं ते तिच्या बाजूने केव्हाच घडून गेलं होतं, आणि मी एकटाच अकरा महिने वायरी जुळवत बसलो होतो.

घरात आलो. दोन्ही सबवूफरांचे हिरवे दिवे चालू होते. मी माझ्या खुर्चीत बसलो, मग तिच्या. दोन्हीकडे आवाज सारखा होता, अगदी त्या माणसाने सांगितला तसा. असा स्वच्छ, न्याय्य आवाज आमच्या घरात कधीच नव्हता, आणि त्याच्याइतकी निरुपयोगी गोष्टही नव्हती. मला मोठ्याने ओरडावंसं वाटलं, पण ओरडून सांगणार कुणाला? भेंडी तिने सांगितल्याप्रमाणे संपवली.

आठव्या दिवशी पाचूबंदरच्या माणसाला फोन केला आणि म्हटलं, "दुसरा घेऊन जा."

"का हो? वैनींना नाय बरा वाटला?"

"वाटला. त्रास गेला त्यांचा."

"मग?"

"एकच लागतो."

तो दुपारी आला, वायरी सोडवल्या, माझ्या खुर्चीतला हुंकार पुन्हा पहिल्यासारखा जुळवून दिला. तो ऐकून मला काहीही वाटलं नाही. खोका जड, म्हणून एका बाजूने तो आणि एका बाजूने मी असा जिन्यातून उतरवायला लागलो. पहिल्या मजल्यावर काकू दारातच उभ्या होत्या. आम्ही दम खायला खोका टेकवला.

"नेताय का परत?" त्यांनी विचारलं. मग नेहमीचं आलंच, "वहिनींच्या बहिणीचा गुडघा काय म्हणतो?"

"बरा झाला," मी म्हटलं. "केव्हाच बरा झाला."

"अगंबाई, छान झालं! मग आता वहिनी कधी येणार?"

खोक्याच्या पलीकडून तो माणूस माझ्याकडे बघत होता.

"गुरुवारी," मी म्हटलं. "दर गुरुवारी येते."

मग आम्ही खोका उचलला आणि उरलेला जिना उतरलो.